तेजस्वी तारे, संपातचलन आणि वैदिक कालनिर्णय

प्रास्ताविक

लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ मध्ये आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. नक्षत्रांच्या उल्लेखांवरून वैदिक वाङ्मयाचा काळ ठरविण्याचा प्रयत्न दोन्ही ग्रंथांत आढळतो. या पद्धतीचे बळ व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संपातचलन व युगकल्पना

वसंतसंपात ताऱ्यांमधून सुमारे ७२ वर्षांत १ अंश मागे सरकतो. एक नक्षत्र (१३ अंश २० कला) ओलांडण्यास त्याला सुमारे ९६० वर्षे, तर एक राशी ओलांडण्यास सुमारे २१५० वर्षे लागतात. पाश्चात्त्य फलज्योतिषातील मीन व कुंभ युगांची कल्पना याच गतीवर आधारलेली आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने चित्रा या तेजस्वी ताऱ्याच्या स्थानाची जुन्या वेधांशी तुलना करून ही गती ओळखली.

दोन प्रकारचे पुरावे

ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती, रोहिणी व मृगव्याध यांची कथा आहे. टिळकांनी अशा कथा, तसेच ‘आग्रहायणी’ हा शब्द, यांच्या आधारे संपात मृगशीर्षात असल्याचा काळ इ.स.पू. ४००० ते २५०० मानला. जर्मन विद्वान याकोबी यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे वेदांच्या प्राचीनतेचा ज्योतिषीय पुरावा मांडला. दीक्षितांचा आधार मात्र कथेचा नव्हता. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातील विधानावरून त्यांनी इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा काळ काढला. पहिला पुरावा अर्थनिर्णयावर, तर दुसरा निरीक्षणाच्या नोंदीवर अवलंबून असल्याने दोहोंना समान वजन देता येत नाही.

मर्यादा

नोंद स्पष्ट असली तरी तिचा अर्थ एकच असतो असे नाही. कृत्तिका क्रांतिवृत्ताच्या सुमारे ४ अंश उत्तरेस आहेत. त्यामुळे त्या विषुववृत्तावर, म्हणजेच अचूक पूर्वेस, इ.स.पू. ३००० च्या सुमारास होत्या. संपात त्यांच्या भोगाशी जुळला तो इ.स.पू. २३०० च्या सुमारास. एकाच तारकापुंजावरून सुमारे ७०० वर्षांचे अंतर पडते. शिवाय ‘पूर्व’ हा शब्द स्थूल अर्थाने योजिला असल्यास ही मर्यादा आणखी वाढते.

वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठारंभी सांगितला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिर तो आपल्या काळी मकरारंभी होत असल्याचे नमूद करतो. हे अंतर २३ अंश २० कला, म्हणजे सुमारे १६८० वर्षांचे आहे. त्यावरून इ.स.पू. बारावे शतक येते. परंतु नक्षत्रविभागाऐवजी धनिष्ठेचा तारा धरल्यास काळ इ.स.पू. १४०० पर्यंत मागे जातो.

आरंभबिंदूचा हाच प्रश्न महाराष्ट्रातील पंचांगवादातही दिसतो. टिळक पंचांग रेवतीचा अंधुक तारा प्रमाण मानते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्षाशी जुळणारा अयनांश स्वीकारला. दोहोंतील सुमारे ४ अंशांच्या फरकामुळे अधिकमास व सण कधी कधी वेगळे पडतात. कालगणनेत हाच फरक सुमारे २९० वर्षांचा होतो.

निष्कर्ष

ताऱ्यांच्या उल्लेखांवरून निरीक्षणाचा स्थूल काळ मिळू शकतो, ग्रंथरचनेचा नव्हे. कारण जुने निरीक्षण परंपरेने पुढील ग्रंथातही टिकून राहते. म्हणून ज्योतिषीय पुराव्यास भाषाशास्त्र व पुरातत्त्व यांची जोड आवश्यक ठरते. आकाशातील गणित अचूक असले, तरी कोणता तारा आणि कोणता अर्थ धरावयाचा हा निर्णय इतिहासकाराचाच असतो, आणि त्याचे समर्थनही त्यानेच करावयाचे असते.