बिनतारी वेग आणि घराची भिंत

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास ज्या विद्युत्-चुंबकीय लहरी निर्माण केल्या, त्यांची लांबी पाच मिलिमीटरपर्यंत खाली आली होती. आणि घरगुती बिनतारी जाळ्यांत वेगाच्या बाबतीत ज्याचे नाव पुढे अग्रभागी घेतले गेले, तो साठ गिगाहर्ट्‌झचा पट्टा नेमका याच लांबीच्या लहरींचा आहे. इतक्या आखूड लहरी बोसांनी हेतुपुरस्सर पत्करल्या, कारण प्रकाशाप्रमाणेच त्यांचेही परावर्तन, वक्रीभवन आणि ध्रुवीभवन होते, हे त्यांना टेबलावर मावणाऱ्या आटोपशीर उपकरणांनी पडताळून पाहायचे होते. दूरवर संदेश धाडण्याच्या ईर्ष्येने मार्कोनी आणि त्याचे अनुयायी दीर्घ लहरींच्या मागे गेले, व बोसांचे हे दालन संदेशवहनाच्या दृष्टीने पुढे दीर्घकाळ बंदच राहिले.

मध्यंतरीच्या काळात आकाशावर सरकारदरबारचा अंमल बसला. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यान्वये परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगण्यास मनाई झाली. घरात साधा रेडिओ ठेवायचा, तरी टपाल कचेरीतून परवाना काढून दरसाल त्याची फी भरावी लागे, हे जुन्या पिढीतील वाचकांना स्मरत असेल. असे निर्बंध सैल करण्याचा निर्णायक हुकूम १९८५ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने काढला, आणि मायक्रोवेव्ह भट्ट्यांच्या उपद्रवामुळे दळणवळणास जवळजवळ निरुपयोगी समजला गेलेला २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा, एखादे पडीक गायरान रयतेस मोकळे करावे तसा, विनापरवाना वापरास खुला केला. याच पट्ट्यावर वाय-फायचा संसार उभा राहिला. १९९७ च्या पहिल्या प्रमाणकात वेग सेकंदास दोन मेगाबिट होता, तो १९९९ मध्ये अकरावर गेला. भारतात हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, तर पाच गिगाहर्ट्‌झचा विस्तृत मुलूख २०१८ मध्ये.

बोसांच्या लहरी घरात आल्या त्या २०१२ च्या ८०२.११एडी या प्रमाणकाने. जुन्या वाय-फायची वाट वीस मेगाहर्ट्‌झ रुंदीची, तर या नव्या पट्ट्यातील एकेक वाट २१६० मेगाहर्ट्‌झची. साहजिकच कागदोपत्री वेग सेकंदास सुमारे सात गिगाबिटपर्यंत पोहोचला. प्राणवायू या लहरी शोषून घेतो म्हणून त्या दूर जात नाहीत, असे वारंवार सांगितले जाते. परंतु ते शोषण किलोमीटरला पंधरा डेसिबलच्या आसपास असल्याने दहा मीटरच्या दिवाणखान्यात त्याचा हिशेब धरण्याचे कारण नाही. खरा अडसर भिंतीचा आणि माणसाच्या देहाचा. विटांच्या भिंतीपलीकडे ही लहर जवळपास पोहोचतच नाही, आणि मध्ये कोणी उभे राहिले तरी क्षीण होते. म्हणूनच अनेक लहान अँटेना एकत्र जुळवून किरणाचा रोख ग्राहकयंत्राकडे वळवण्याची योजना या प्रमाणकात करावी लागली.

अशा लहरीचा उपयोग कोठे व्हावा, याचा निवाडा व्यवहाराने लवकरच केला. ही लहर बोलणारे राउटर २०१६ साली बाजारात आले, पण संबंध घर व्यापण्याचे काम त्यांना जुन्या पट्ट्यांवरच सोपवावे लागले. इंटेलने लॅपटॉपसाठीची आपली या जातीची साधने २०१७ मध्ये आवरती घेतली. उलट, २०१८ साली आभासी वास्तवाच्या शिरस्त्राणाची केबल नाहीशी करणारे जे उपकरण आले, ते याच पट्ट्यावर चालत होते, कारण तेथे एक खोली, समोरासमोरची दृष्टी आणि प्रचंड चित्रप्रवाह या तिन्ही अनुकूल गोष्टी एकत्र होत्या. माझ्या मते हा निवाडा रास्त आहे. इंटरनेटची जोडणीच शंभर मेगाबिटची असेल, तर घरातल्या सात गिगाबिटांनी बाहेरून येणारे पान लवकर उघडत नाही. त्यांचा लाभ दोन यंत्रांमध्ये मोठ्या संचिका हलवताना किंवा पडद्यावर अविरत चित्र धाडतानाच पदरात पडतो.

ही लहर भिंत ओलांडत नसल्याने असा वेग एका खोलीतून दुसरीत न्यायचा तर तारच हवी. तेव्हा जे वाचक नवे घर बांधत असतील वा जुन्याची डागडुजी काढत असतील, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक खोलीपर्यंत तारेची एक नळी भिंतीतून टाकून घ्यावी.