कर्जरोखा ते क्वांटम : शिरूर-दौंड परिसराच्या इतिहासातून तंत्रज्ञान-नियमनाचा विचार

प्रस्तावना

क्वांटम तंत्रज्ञान हा आज विज्ञानाइतकाच कायद्याचा आणि नीतीचाही विषय झाला आहे. 19 एप्रिल 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. 2023-24 ते 2030-31 या कालावधीसाठी 6003.65 कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली असून, आठ वर्षांत 50 ते 1000 क्युबिट क्षमतेचे संगणक विकसित करणे हे अभियानाचे एक उद्दिष्ट आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतही क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र कार्यरत आहे. या प्रयोगशाळांचा शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकऱ्याशी काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. तो संबंध दस्तऐवजाच्या विश्वासार्हतेचा आहे. ज्या दस्तऐवजाचा खरेपणा स्वतः पारखता येत नाही, त्यावरच माणसाची जमीन अवलंबून असेल, तर जबाबदारी कोणी घ्यायची? या परिसरात हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एकदा उभा राहिला होता. त्याचे उत्तर कसे शोधले गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कर्जरोखा आणि 1875 चा उठाव

ब्रिटिश अमलात लेखी करार व दिवाणी न्यायालये यांना नवे महत्त्व प्राप्त झाले. पूर्वी सावकार व कुळ यांच्यातील व्यवहारावर गावाचा काही अंकुश असे. आता न्यायालयापुढे कागदच बोलू लागला. निरक्षर कुळ त्यावर अंगठा उमटवी. परंतु त्यात काय लिहिले आहे, हे त्याला वाचता येत नसे. 1859 च्या मुदत कायद्याने नोंदणी न झालेल्या रोख्यावरील दाव्याची मुदत तीन वर्षे केली. हेतू कुळाच्या संरक्षणाचा होता. प्रत्यक्षात मात्र सावकार मुदत संपण्यापूर्वी मुद्दल व व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि त्या नव्या रकमेवर पुन्हा व्याज चढू लागले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861-65) कापसाला आलेली तेजी युद्धानंतर ओसरली. त्यातच सारावाढीची भर पडली आणि हे ओझे असह्य झाले.

1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे येथे एका सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळविला. त्यातून गावाने सावकारांवर सामाजिक बहिष्कार घातला आणि ही चळवळ आसपासच्या गावांत पसरली. 12 मे 1875 रोजी सुपे येथील बाजारात उठाव झाला. आज बारामती तालुक्यात असलेले हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. आजच्या दौंड तालुक्याचा प्रदेशही त्याच भीमथडीचा भाग होता. उठावकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. रोखे व हुकूमनामे हाती आले की त्यांची होळी केली जाई. जेथे ते सहजी दिले गेले, तेथे सहसा हिंसा झाली नाही. कागद हेच सत्तेचे साधन बनले आहे, हे कुळांनी ओळखले होते.

1879 चा कायदा : कागदामागे जाण्याचा अधिकार

सरकारने दख्खन दंगल आयोग नेमला. पुढे 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू करण्यात आला. त्यातील तीन तरतुदी आजही विचार करण्याजोग्या आहेत. पहिली, न्यायालयाने केवळ रोख्यावर विसंबून न राहता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा. दुसरी, शेतकऱ्याचे करार ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत. तिसरी, सावकाराने पावती व हिशेब द्यावा.

हा कायदा निर्दोष होता असे नाही. गहाणाचा मार्ग अवघड होताच सावकार खरेदीखताच्या नावाखाली तोच व्यवहार करू लागले. पुढे कलम 10-अ समाविष्ट करून खरेदीखतामागील खरा व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयाला द्यावी लागली. तथापि कायद्याचे मूळ तत्त्व महत्त्वाचे ठरते : दुर्बल पक्षाला जे वाचता येत नाही, त्याच्या खरेपणाचा भार केवळ त्याच्यावर टाकता येत नाही.

डिजिटल सातबारा आणि क्वांटम आव्हान

2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध होऊ लागला. तलाठी कार्यालयातील हेलपाटे कमी झाले, ही मोठी सोय होय. डिजिटल स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 ची मान्यता आहे. तिची सुरक्षितता गणितावर उभी आहे. प्रचलित आरएसए पद्धतीत एका प्रचंड संख्येचे मूळ अवयव शोधणे आजच्या संगणकांना व्यवहारतः अशक्य असते. 1994 मध्ये पीटर शोर यांनी असे दाखवून दिले की पुरेसा सक्षम क्वांटम संगणक हे काम अल्पावधीत करू शकेल. असे यंत्र आज अस्तित्वात नाही. परंतु ते झाले, तर सार्वजनिक किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून बनावट स्वाक्षरी करता येईल. तसेच आज चोरून साठवलेली कूटबद्ध माहिती उद्या उलगडता येईल. महसूल खात्याकडील मूळ नोंदींशी ताडून पाहणे हा एक उपाय आहे. मात्र त्या नोंदींचे रक्षणही शेवटी अशाच गणिताच्या आधारे होते.

यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या कूटलेखनाची तीन मानके प्रसिद्ध केली. त्यांपैकी दोन स्वाक्षरीसाठी आहेत. खरा प्रश्न तंत्राहून अधिक कारभाराचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. सुरक्षित इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीच्या बाजूनेही साक्ष्य कायद्यात असेच गृहीतक आहे. म्हणजे उद्या बनावट नोंद झाली, तर ती खोटी असल्याचे सिद्ध करण्याचा भार शेतकऱ्यावर पडेल. 1875 मध्ये कुळाला मोडी वा बाळबोध वाचता येत नव्हते. उद्या पदवीधरालाही स्वाक्षरीमागील गणित वाचता येणार नाही. अडाणीपणाचे स्वरूप बदलले, असहायता मात्र तीच राहिली.

अर्थात ही तुलना मर्यादित आहे. तेव्हा रोखा खाजगी सावकाराच्या ताब्यात होता. आज अभिलेख शासनाकडे आहे. त्यामुळेच शासनाची जबाबदारी अधिक वाढते.

निष्कर्ष

शिरूर-भीमथडीच्या इतिहासातून तीन सूत्रे हाती येतात. (1) सद्हेतूने केलेला नियमही 1859 च्या कायद्याप्रमाणे उलटू शकतो. म्हणून नियमांच्या परिणामांचा नियमित आढावा घ्यावा. (2) नव्या स्वाक्षरी-पद्धतीकडे होणाऱ्या संक्रमणात भूमी अभिलेखांना बँका व संरक्षण यांच्याइतकेच प्राधान्य मिळावे. (3) वाद उद्भवल्यास तांत्रिक पुराव्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा मार्ग सामान्य खातेदाराला खुला असावा आणि सिद्धतेचा भार प्रणाली चालविणाऱ्या यंत्रणेने उचलावा.

1879 चा कायदा दप्तरे जळाल्यानंतर आला. क्वांटम संगणकाच्या बाबतीत मात्र धोका आधी कळला आहे आणि उपायही हाती आहेत. या मिळालेल्या अवधीचा उपयोग कसा केला जातो, यावरच या तंत्रज्ञानाच्या नियमनाची नैतिक कसोटी लागेल.