‘इतर अधिकार’ : सातबाऱ्याच्या उजव्या रकान्यावर भाष्य

कर्जत-खालापूरकडे घर घ्यायला आलेला माणूस सातबारा हातात पडताच डावीकडचे नाव वाचतो. विकणाऱ्याचे नाव तिथे दिसले की त्याचे निम्मे समाधान होते. गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा वकील उजवीकडून सुरुवात करतो. कुळ, खंड आणि इतर अधिकार यांचा रकाना उजवीकडे असतो आणि व्यवहार अडतो तो बहुधा तिथेच. खाली घेतलेल्या ओळी खालापूर तालुक्यातल्या कुंभिवली गावच्या कोणा एका गटाच्या नाहीत. या तालुक्यात ज्या तऱ्हेच्या नोंदी आढळतात, त्यांतून हा नमुना जुळवला आहे. सगळ्या एकाच उताऱ्यावर सापडल्याच, तर त्या गटाचा नाद सोडावा.

गाव : कुंभिवली, तालुका : खालापूर, जिल्हा : रायगड

गावाचे नाव आणि गट क्रमांक खरेदीखताशी, नकाशाशी आणि कर्जाच्या मंजुरीपत्राशी अक्षरशः जुळला पाहिजे. पोटहिस्सा चुकला तर तारण दुसऱ्याच्या जमिनीवर बसते. याहून जास्त या ओळीत काही नाही.

भूधारणा पद्धती : भोगवटादार वर्ग १

वर्ग १ म्हणजे शासनाच्या परवानगीवाचून हस्तांतर करता येईल अशी जमीन, हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधला सर्वसाधारण नियम. वर्ग २ असेल तर आधी परवानगी लागते, बहुधा नजराणाही भरावा लागतो. मात्र वर्ग १ ही अक्षरे पाहून निर्धास्त होणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. जमीन शेतीची असेल, तर कुळ कायद्याचे (१९४८) कलम ६३ बिगरशेतकऱ्याला ती घेऊ देत नाही, आणि वर्ग १ असल्याने त्या अटीतून सुटका होत नाही.

क्षेत्राचे एकक : आर चौ. मी. (अकृषिक)

शेतजमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, बिनशेतीच्या उताऱ्यावर आर-चौरस मीटरमध्ये. घरकर्जाच्या दृष्टीने डाव्या बाजूची ही सर्वांत मोलाची ओळ. ‘शेतजमिनीवर बांधलेल्या बंगल्याला बँक कर्ज का देत नाही?’ हा प्रश्न इथे नेहमी विचारला जातो. बँक नियम दाखवते, कारण सांगत नाही. कारण २००२ च्या सरफेसी कायद्यात आहे. कर्ज थकले तर न्यायालयात न जाता तारण जप्त करून विकण्याचा अधिकार हा कायदा बँकेला देतो, पण कलम ३१ ने शेतजमिनीवरचे तारण त्यातून वगळले आहे. वसुलीचा जवळचा रस्ता जिथे बंद, तिथे बँक पैसे घालायला राजी नसते. ‘एनए लवकरच होईल’ असे सांगून गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे विकणारे याच ओळीपाशी अडकतात. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा त्यांच्या आड येतो तो वेगळाच.

कु. का. कलम ४३ ला पात्र

आता उजवा रकाना. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. पुढे ३२-ग खाली किंमत ठरली आणि ती भरल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. अशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही, हे कलम ४३ चे म्हणणे. २०१४ च्या दुरुस्तीने बंधन सैल झाले. प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील, तर शेतसाऱ्याच्या आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून विक्री करता येते. आकार हा जुना आणि नाममात्र असल्याने रक्कम किरकोळ भरते. दलाल तेवढेच सांगतो. घेणारा शेतकरी असला पाहिजे, ही त्याच दुरुस्तीतली अट तो गाळतो.

आदिवासी खातेदार : कलम ३६, ३६-अ

या तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी वस्ती जुनी, म्हणून ही नोंदही नवी नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा पट्टा यांपैकी कोणत्याही वाटेने पूर्वपरवानगीशिवाय जाऊ नये असे महसूल संहितेचे कलम ३६-अ सांगते. अल्प मुदतीचे पट्टे आणि गहाण जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होतात. विक्रीला शासनाची मान्यता लागते. ६ जुलै १९७४ पूर्वीच्या व्यवहारांसाठी त्याच वर्षीचा जमिनी परत करण्याचा कायदा आहे. त्यामुळे विकणारा आज बिगरआदिवासी असला, तरी जुने फेरफार उलगडून पाहावेत. ही तरतूद घर घेणाऱ्याला जाच वाटते. ज्यांच्या जमिनी दोन-चार पोती भातावर गेल्या त्यांच्यासाठी ती आहे, आणि ती कडकच असावी असे माझे मत आहे.

खाजगी वन

महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी अशी वने शासनाकडे आली, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी उताऱ्यांवर नोंदी चढल्या. गोदरेज अँड बॉईस विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी ठरवले, की जुन्या वन कायद्याखालची नोटीस मालकावर बजावलीच गेली नसेल तर केवळ तेवढ्यावर जमीन शासनाची होत नाही. विकणारा हा निकाल खिशात घेऊन फिरतो. पण तो निकाल त्याच्या गटाला लागू आहे, असा आदेश त्याच्याकडे आहे का? नोंद रद्द झाल्याचा फेरफार दिसेपर्यंत बँक थांबते. आपणही थांबावे.

बोजा : बँकेचे कर्ज, रु. …

लोक भितात ती ही ओळ. माझ्या मते सगळ्यांत कमी भीतीची हीच, कारण ती दिसते. विकणाऱ्याचे कर्ज फेडून घर घेता येते. त्याच्या बँकेकडून येणे रकमेचे पत्र घ्यावे, आपल्या बँकेचा धनादेश थेट त्या बँकेच्या नावे काढावा, मूळ कागद, गहाण सोडल्याचा कागद आणि ना हरकत दाखला घ्यावा, मग बोजा कमी केल्याचा फेरफार मंजूर करून घ्यावा. पैसे विकणाऱ्याच्या हाती देऊन ‘तुम्ही फेडा’ म्हणू नये.

खरा प्रश्न न दिसणाऱ्या बोजाचा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५८ (च) : हक्काचे मूळ कागद सावकाराकडे तारण म्हणून ठेवले की गहाण पुरे होते, गहाणखत नोंदवावे लागत नाही. ही सोय मुळात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या व्यापारी शहरांसाठी होती. कागद तिथे हवाली झाले म्हणजे झाले. मिळकत कुठेही असो. म्हणजे कुंभिवलीतले घर मुंबईच्या शाखेत एका टेबलावर गहाण पडू शकते, आणि गावच्या दप्तराला त्याची वार्ता नसते. महाराष्ट्राने यावर २०१३ मध्ये तोड काढली. नोंदणी कायद्याच्या ८९-ब कलमाखाली अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. अशा तारणांची सरसाई ही केंद्रीय नोंदवहीही शुल्क भरून कोणालाही पाहता येते. म्हणून सातबारा कोरा असला तरी निबंधकाकडचा शोध आणि सरसाई, दोन्ही पाहावे. बँका हा शोध साधारण तीस वर्षांचा मागतात. गहाण सोडवण्याच्या दाव्याची मुदतही तीस वर्षांचीच आहे.

कोणी म्हणेल, बँकेने शोध घेऊन कर्ज मंजूर केले, म्हणजे जमीन निर्वेध. हा पूर्वपक्ष फार पसरला आहे. वकिलाचा अहवाल बँकेसाठी असतो. तिचे पैसे बुडू नयेत एवढेच तो पाहतो आणि बुडाले तरी ती हप्ते तुमच्याकडूनच घेणार. वेगळा वकील लावणे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

सदनिका घेणाऱ्याचे नाव तर या उताऱ्यावर येतच नाही. अभिहस्तांतरण होईपर्यंत इथे जमीनमालक किंवा बिल्डर असतो, आणि बोजा असला तर त्याच्या प्रकल्पकर्जाचा. २०१६ च्या रेरा कायद्याचे कलम ११(४)(ह) सांगते, की विक्रीकरार झाल्यावर प्रवर्तकाने ती सदनिका गहाण टाकली तर घेणाऱ्याच्या हक्काला बाध येत नाही. कराराआधीच्या गहाणाला हे कवच पुरत नाही; त्यासाठी आपल्या सदनिकेच्या क्रमांकाचा उल्लेख असलेले त्या बँकेचे ना हरकत पत्र घ्यावे. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याची मुभा प्रवर्तकाला नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

पुढे बोजा आपल्याच नावचा होतो. हप्ते थकले तर सरफेसीखाली साठ दिवसांची नोटीस येते. गहाण सोडवण्याचा हक्क कराराने काढून घेता येत नाही, पण या कायद्यात तो लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंतच टिकतो. २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. म्हणून पहिल्या नोटिशीलाच उत्तर द्यावे. कर्ज पूर्ण फिटले की तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. सातबाऱ्यावरचा बोजा मात्र आपोआप उतरला असे समजू नये. दाखला घेऊन तलाठ्याकडे आपणच जावे. पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे; गावात अजून तलाठीच म्हणतात.

प्रलंबित फेरफार : नाही

हे उतारा काढला त्या दिवसापुरते खरे. संहितेचे कलम १५७ नोंदीला खरे मानते ते विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, आणि नोंदीने मालकी मिळत नाही हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. दस्तनोंदणीच्या सकाळी उतारा पुन्हा काढावा. वाटपाचा दावा चालू असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे घेणाराही त्या निकालाने बांधला जातो, आणि असा दावा उताऱ्यावर असेलच असे नाही. तो विकणाऱ्याच्या आणि त्याच्या भावा-बहिणींच्या नावांनी न्यायालयाच्या नोंदींत शोधावा लागतो.