महायुद्ध आणि आपले जबलपूर

मार्च १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून सुभाषबाबूंनी इंग्रजांना सहा महिन्यांची निर्वाणीची मुदत द्यावी असे सुचविले. ते मानले गेले नाही. सहाच महिन्यांत युरोपात युद्ध पेटले आणि हिंदुस्थान न विचारता त्यात ओढला गेला. तोफा इथे धडाडल्या नाहीत. पण १९०४ च्या गन कॅरेज फॅक्टरीच्या जोडीला १९४२ मध्ये दारूगोळ्याची खमरिया आली. आपल्यातल्या कित्येकांची चूल पुढे तिच्याच भोंग्यावर पेटली!

युद्ध संपले. २७ फेब्रुवारी १९४६ रोजी इथल्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरचे जवान तुटपुंजा पगार, निकृष्ट जेवण आणि आझाद हिंद सैनिकांवरील खटले यांविरुद्ध मिरवणुकीने तिलकभूमी तलैयापर्यंत आले. मुंबईच्या नाविकांचे बंड सर्वांना ठाऊक आहे. जबलपूरचे हे सुमारे १७०० जवान कोणाच्या फारसे स्मरणात नाहीत. त्यांतील कित्येक पगार-पेन्शनविना बडतर्फ झाले.