काटा खरं सांगतो का?

जालना म्हटलं की कुणाला लोखंडी सळया आठवतात, कुणाला बियाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको इथेच सुरू केली आणि १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. जालन्यातलं श्री गणपती नेत्रालय हेही त्यांनीच उभं केलेलं. आता बियाण्याची लॅब आणि डोळ्यांचं हॉस्पिटल, यांचा एकमेकांशी काय संबंध? तर एक मशीन दोन्हीकडे लागतं : ऑटोक्लेव्ह. टिश्यू कल्चरची बाटली असो नाहीतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा चिमटा, दाबाखालच्या वाफेतून काढल्याशिवाय वापरायचा नाही.

सोप्या भाषेत सांगायचं तर हा थोरला प्रेशर कुकर. आणि वंशावळही तीच बरं का! डेनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनला बंद भांड्यात हाडं शिजवून दाखवली. भांडं फुटू नये म्हणून त्याने वजनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह केला. आपल्या शिट्टीचा खापरपणजोबाच म्हणा ना. पुढे दोनशे वर्षांनी, १८७९ मध्ये, पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलँ याने त्याच कल्पनेवर ऑटोक्लेव्ह बनवला. नुसत्या उकळत्या पाण्यात काही जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, हे तोवर कळून चुकलं होतं. त्यांना १२१ अंश लागतात, आणि तेही पंधरा-वीस मिनिटं.

इथे खरी गोम आहे. जंतू मरतात ते तापमानाने, आणि ऑटोक्लेव्हच्या बाहेर ठळक दिसतो तो दाबाचा काटा. आत निव्वळ वाफ असेल तर १५ पौंड दाबाला १२१ अंश मिळतात. पण आतली निम्मी हवा तशीच राहिली, तर काटा १५ वरच आणि तापमान जेमतेम ११२! कुकरला वाफेची धार लागल्यावरच शिट्टी ठेवायची, ही आईची शिस्त याचसाठी. आधी हवा बाहेर, मग दाब.

जालन्यापुरतं एक छोटं गणित करून पाहिलं. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंच. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, आणि उंचीवर बाहेरची हवाच विरळ. म्हणजे मुंबईत १५ पौंडाला १२१ अंश मिळत असतील, तर जालन्यात सुमारे एक अंश कमी. फरक किरकोळ आहे, पण दाब म्हणजे तापमान नव्हे हे सांगायला पुरेसा.

हा फरक विसरल्यावर काय होतं ते इंग्लंडने पाहिलं. १९७१ मध्ये तिथल्या एका कारखान्यात सलाइनसारख्या, डेक्स्ट्रोजच्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. हवा तळाशी अडकून राहिली आणि खालच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नाहीत. तापमान नोंदवणारं यंत्र ते दाखवत होतं. पण बाकीचे काटे ठीक होते, म्हणून कामगारांनी ठरवलं की हे यंत्रच बिघडलंय! नमुन्याच्या बाटल्याही तपासणीत पास झाल्या. १९७२ मध्ये त्या बाटल्या डेव्हनपोर्टच्या हॉस्पिटलात वापरल्या गेल्या आणि पाच रुग्णांच्या मृत्यूशी त्यांचा संबंध जोडला गेला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे वाचून घाम फुटावा. सारखा वाजणारा अलर्ट म्यूट करणं आपल्याकडे रोजचंच. फक्त आपला सर्व्हर पडला की रीस्टार्ट करता येतो.

आतली हवा पकडायची युक्ती तोपर्यंत सापडलेलीही होती. बोवी आणि डिक या दोघांनी १९६३ मध्ये ती मांडली. घडी केलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यात मधोमध रंग बदलणारी टेप फुलीसारखी चिकटवायची. टेप सगळीकडे सारखी काळी झाली तर वाफ आतपर्यंत पोचली, मध्ये फिकी राहिली तर हवा अडकली. व्हॅक्यूमच्या ऑटोक्लेव्हला रोज सकाळी काम सुरू करण्याआधी हीच टेस्ट करतात.

बाकीची देखभाल तशी कंटाळवाणीच. झाकणाची रबरी रिंग पुसायची, चिरली असेल तर बदलायची. तळाची जाळी साफ ठेवायची. पाणी हीटरच्या वर आहे ना ते बघायचं, आणि ते शक्यतो डिस्टिल्डच घालायचं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर जगलं. अशा वेळी हाताशी येईल ते क्षाराचं पाणी ओतायचा मोह होतो आणि हीटरवर थर चढतो. सामान कोंबायचं नाही. सेफ्टी व्हॉल्व्हला कधीही पाचर मारायची नाही. काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि आत बाटल्या असतील तर त्याहून जास्त थांबायचं, कारण तापलेली बाटली तोंडावर फुटते. आठवड्यातून एकदा जिवंत बीजाणूंची कुपी आत ठेवून ते मेले का तेही तपासायचं. आणि सगळं वहीत लिहायचं.

हे करणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याही पाटीवर नसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन घरी परतलेल्या आजीला तर तो माहीतही नसतो. पण तिची नजर सर्जनच्या हाताइतकीच त्याच्या वहीवरही अवलंबून असते. असो. सोमवारी ऑफिसात गेलात की म्यूट केलेले अलर्ट एकदा उघडून बघा.