बंद न होणाऱ्या स्विचची गोष्ट

चांगला स्विच कोणता, असे वर्गात विचारले तर ‘ज्याने दिवा लगेच लागतो तो’ असे उत्तर येईल. मोठे विद्युतप्रवाह हाताळणाऱ्या अर्धवाहक स्विचचा इतिहास मात्र आपल्याला वेगळेच सांगतो. तो हवा तेव्हा बंद होतो का, हीच त्याची खरी परीक्षा.

१९५७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर तयार झाला. एन आणि पी प्रकारच्या सिलिकॉनचे एकाआड एक चार थर आणि त्यांतल्या एकाला जोडलेले ‘गेट’, अशी त्याची रचना. गेटला क्षणभर विद्युत इशारा दिला की तो सुरू होई. पण गेटने बंद होत नसे. प्रत्यावर्ती प्रवाह दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येतो, तेथे हे चालून जाई. एकदिश प्रवाहात मात्र त्याला बंद करण्यासाठी वेगळे मंडल जोडावे लागे.

१९७०च्या दशकातला पॉवर मॉसफेट गेटवरील व्होल्टेज काढताच बंद होई. पण जास्त व्होल्टेज पेलण्यासाठी त्यातला एक थर जाड आणि कमी वाहक ठेवावा लागे. ही क्षमता दुप्पट केली की थराचा रोध सुमारे साडेपाच पट होई, आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी जयंत बालिगा यांनी १९८२ साली वेगळी रचना मांडली. आरसीए कंपनीतही त्याच सुमारास अशी खटपट चालू होती. मॉसफेटच्या तळाशी पी थर दिला, की त्यातून धनभारवाहक ‘होल’ जाड थरात शिरतात आणि रोध घटतो. हाच आयजीबीटी.

पण थर मोजून पाहू. पुन्हा चारच! आत थायरिस्टर दडलेला होता. प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की तो जागा होई आणि गेटचा ताबा सुटे. म्हणून होलना बाहेर पडण्याची वाट अधिक सुवाहक केली गेली. १९८४ साली जपानच्या तोशिबा कंपनीतील अकिओ नाकागावा आणि सहकाऱ्यांनी अशी रचना केली, की थायरिस्टर जागा होण्याआधी मॉसफेटचा भागच प्रवाह रोखून धरी.

तरी एक अडचण उरली. गेट बंद केल्यावरही मागे राहिलेल्या होलमुळे प्रवाह शेपटासारखा रेंगाळे. बालिगांनी इलेक्ट्रॉनांचा मारा करून हे शेपूट आखूड केले. मात्र मारा जास्त झाला तर सुरू स्थितीतला रोध पुन्हा वाढतो! एक तोटा कमी करताना दुसरा किती सोसायचा, हे काम पाहूनच ठरवावे लागते.

आज इंडक्शन शेगडीपासून विजेच्या रेल्वेपर्यंत आयजीबीटी वापरला जातो. त्याचे चार थर फळ्यावर काढावेत आणि दडलेला थायरिस्टर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावा.