खुर्चीचं खोटं म्हातारपण

भंगारवाल्याकडून आणलेल्या लाकडी स्टुलाला मी काळपट तपकिरी रंगाचे दोन हात दिले, वाळू दिले आणि पॉलिश पेपर हातात घेतला. तेव्हा खरा प्रश्न पडला: घासायचं कुठे?

सगळीकडे सारखं घासलं तर लाकूड जुनं नाही, नुसतं खरवडलेलं दिसतं. रंग उडतो तो माणसाचं अंग लागतं तिथे: बैठकीच्या कडेला, पाय टेकवायच्या आडव्या दांड्यावर, उचलताना बोटं पडतात तिथे. खाचांमध्ये मात्र मळ साचतो. म्हणून तिथे गडद मेण भरायचं आणि वरचं पुसून घ्यायचं. म्हणजे जुनेपणा रंगवायचा तर आधी त्यावर बसून गेलेली माणसं कल्पनेत उभी करावी लागतात.

हे काम अमेरिकेतल्या आर्मांड लामाँटेन या शिल्पकाराने इतकं चोख केलं की एक मोठं म्युझियम फसलं. १६२०मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या विल्यम ब्रूस्टर यांच्या नावाने तिथे एक खुर्ची ओळखली जाते. कातलेल्या दांड्यांच्या रांगा असलेली, सतराव्या शतकातली. अशा खुर्च्या मोजक्याच उरल्यात. तज्ज्ञही चकतात हे लामाँटेनला दाखवायचं होतं. १९६९मध्ये त्याने ओकची नवीकोरी खुर्ची घडवली आणि मग ती ‘म्हातारी’ केली. रंग चढवला, उतरवला, धूर दिला, काही दांडे चक्क काढून टाकले. साडेतीनशे वर्षांत काहीतरी मोडणारच ना!

खुर्ची विक्रेत्यांच्या हातांतून फिरली आणि १९७०मध्ये मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड म्युझियमने ती ९,००० डॉलर देऊन घेतली. १९७७मध्ये बिंग फुटलं. म्युझियमने एक्स-रे काढले. जुन्या गिरमिटाने पाडलेल्या भोकाचा तळ गोलसर असतो. इथे सांध्यांच्या आत आधुनिक ड्रिलची खूण होती. लामाँटेनने ती मुद्दाम ठेवली होती, पुढे पुरावा म्हणून.

मला यातली गंमत फसवणुकीत नाही, त्या भोकात वाटते. ब्रश आणि पॉलिश पेपर पोचतात तेवढ्याच भागाचं वय बदलता येतं. तज्ज्ञांनी पाहिला तो वरचा थर, कारण तो त्यांना हवी असलेलीच गोष्ट सांगत होता. आपणही जुन्या वस्तूंकडे, जुन्या काळाकडे बहुतेक वेळा असंच पाहतो. म्युझियमने खुर्ची फेकली नाही, हे मला फार आवडतं. नकली वस्तू कशी ओळखायची, हे शिकवायला ती ठेवली.

माझं स्टूल आता छान शंभर वर्षांचं दिसतं. पाहुणे विचारतात, “आजोबांचं का?” मी ते उलटं करून दाखवते. खालच्या कोऱ्या लाकडावर मी रंगवल्याची तारीख लिहून ठेवली आहे.